आवाज जवळ आला, पाय फ्रेमबाहेर गेले

प्रश्न असा होता: गेल्या वीस-पंचवीस वर्षांत हॉलिवूडने केलेले म्युझिकल चित्रपट पाहिले, काही आवडले, काही अर्ध्यात बंद केले. जुन्यांची मजा यांत का नाही? की आपल्यालाच जुन्याचं जरा जास्त कौतुक आहे? नव्यांचं बळ कशात आणि दुखणं कुठे?

मी साउंडवाली बाई. मुंबईत डबिंग, गाण्यांचं एडिटिंग आणि मिक्सिंग यातच माझी उमेदीची वर्षं गेली. त्यामुळे उत्तर कानाच्या बाजूने येणार. कथा-पटकथेवर बोलणारे पुष्कळ आहेत, ते त्यांनी बोलावं.

आधी जुन्याच्या कौतुकाबद्दल. जुनं सगळं चांगलं होतं असं अजिबात नाही. 'साउंड ऑफ म्युझिक' (१९६५) तुफान चालला म्हणून स्टुडिओंनी 'डॉक्टर डूलिटल' (१९६७), 'हॅलो, डॉली!' (१९६९) अशी अवाढव्य खर्चाची धुडं काढली आणि तोंडावर आपटले. ती आज कोणी बघत नाही, म्हणून जुना काळ सोन्याचा वाटतो. १९६८च्या 'ऑलिव्हर!'नंतर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळवणारं पुढचं म्युझिकल थेट 'शिकागो' (२००२). मधल्या काळात हा प्रकार जिवंत ठेवला तो मुख्यतः डिस्नीच्या ॲनिमेशनने. तिथे आवाज आधी रेकॉर्ड होतो, चित्र त्याच्यामागून येतं, आणि खेकडा किंवा चहाची किटली गायला लागली तर कुणी 'का गाते' म्हणून विचारत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे: नव्या म्युझिकलने गाणाऱ्याचा आवाज प्रेक्षकाच्या इतका जवळ आणला, की तितका तो पूर्वी कधीच नव्हता. आणि ते करताना नाचणाऱ्याचे पाय फ्रेमबाहेर घालवले. चांगलं-वाईट बरंचसं यातूनच निघतं.

नेहमीची पद्धत प्लेबॅकची. गाणं आधी स्टुडिओत पक्कं होतं, सेटवर स्पीकरवर वाजतं, नट ओठ मिळवतो. आपल्याकडे कोलकात्याच्या न्यू थिएटर्सने १९३५मध्ये हे सुरू केलं. त्याआधी, प्रभातच्या 'अयोध्येचा राजा'च्या (१९३२) दिवसांत, नट कॅमेऱ्यासमोर प्रत्यक्ष गायचे आणि वादक फ्रेमच्या बाहेर दडून बसायचे. प्लेबॅक आल्यावर आपल्याकडे पार्श्वगायक स्वतःच मोठे झाले. तिकडे मात्र उसना आवाज ही झाकून ठेवायची गोष्ट. १९६१च्या 'वेस्ट साइड स्टोरी'त नॅटली वुडसाठी आणि 'माय फेअर लेडी'त (१९६४) ऑड्री हेपबर्नसाठी मार्नी निक्सन गायली, आणि दोन्हीकडे श्रेयनामावलीत तिचं नाव नाही. 'सिंगिंग इन द रेन' (१९५२) तर डबिंगच्या लबाडीवरच बेतलेला. त्यात दुसरीला आवाज देणाऱ्या मुलीचं काम करणाऱ्या डेबी रेनॉल्ड्सच्याच काही गाण्याला दुसरीचा आवाज आहे! आमच्या धंद्यातला हा सगळ्यात गोड विनोद.

२०१२मध्ये टॉम हूपरने 'ले मिझेराब्ल' केला तेव्हा जवळजवळ सगळं गाणं सेटवर, कॅमेरा चालू असताना रेकॉर्ड केलं. नटाच्या कानात बारीक इअरपीस. बाजूला पियानोवादक. पियानो फक्त इअरपीसमध्ये, त्यामुळे सेटवरच्या बाकी माणसांना ऐकू येणार तो नुसता कोरडा गळा. कपड्यांत लपवलेले लेपल माइक, जिथे दिसले तिथे नंतर संगणकावर पुसून टाकले. लय पूर्णपणे नटाच्या ताब्यात: थांबावंसं वाटलं तर तो थांबतो, पियानोवाला थांबतो. ऑर्केस्ट्रा महिन्यांनंतर, चित्र आणि आवाज समोर ठेवून, त्याच्या मागे मागे जातो. संगीत नाटकातला ऑर्गनवाला हेच करायचा. नट पदात रमला की तो वाट बघायचा.

याचा फायदा काय झाला ते पाहायचं तर ॲन हॅथवेचं गाणं पाहा. केस कापलेले, चेहरा फ्रेमभर, कट नाही. माझा कान तिथे सुरांपेक्षा मधल्या जागांकडे जातो. ओळ संपायच्या आत श्वास संपलेला आहे, शेवटचा शब्द अर्धा गिळलाय, नाक भरलंय ते ऐकू येतंय, आणि वरचा सूर लावताना आवाज फाटतो तो तिने आवरलेला नाही. स्टुडिओतल्या बूथमध्ये हे होत नाही. तिथे समोर चांगला माइक दिसला की कुठलाही माणूस आपोआप नीट उभा राहतो आणि नीट गातो. शूटिंगच्या तीन महिने आधी, पात्राला काय भोगायचंय ते अजून अंगात उतरलेलं नसताना, गाण्यातली प्रत्येक भावना ठरवून टाकायची आणि सेटवर तिच्यामागे ओठ हलवत धावायचं, ही प्लेबॅकची खरी अडचण आहे. हॅथवेला ऑस्कर मिळालं, चित्रपटाच्या साउंड मिक्सिंगलाही मिळालं, आणि दोन्ही योग्य जागी गेली.

आता दुसरी बाजू. याच पद्धतीने रसेल क्रोला उघडं पाडलं. नट म्हणून तो भारीच, पण त्याच्या वाट्याला आलेल्या जाव्हेर या पात्राची गाणी नुसत्या आवेशावर निभत नाहीत, आणि लाइव्हमध्ये लपायला जागा नसते.

त्याहून मोठी किंमत कॅमेऱ्याने मोजली. प्रत्येक टेकची लय निराळी. समजा एका टेकमध्ये कडवं चाळीस सेकंदांत संपलं आणि पुढच्यात चव्वेचाळीस, तर या दोन टेकांमध्ये ये-जा करत कापणार कसं? प्लेबॅकमध्ये हा प्रश्नच येत नाही, मागचं गाणं एकच असतं. लाइव्हमध्ये एकतर एकाच वेळी दोन-तीन कॅमेरे लावा, नाहीतर एका चेहऱ्यावर ठाण मांडून बसा. 'ले मिझेराब्ल' बराचसा चेहऱ्यांवरच बसून राहतो. हॅथवेसाठी तो क्लोजअप अचूक आहे. एकशे अठ्ठावन्न मिनिटांत आलेल्या प्रत्येकासाठी तोच वापरल्यावर नाकपुड्या मोजायची वेळ येते.

आणि नाच? लाइव्ह गाणं आणि नाच यांचं पटत नाही. दम लागतो, पावलं धपधप वाजतात, पन्नास जणांना एकच ठेका ऐकवायचा तर स्पीकर लावावा लागतो आणि स्पीकर लावला की तो गायकाच्या माइकमध्ये शिरतो. यावर सेटवर थंपर वापरतात. साधारण चाळीस हर्ट्झच्या आसपासचा खोल ठोका, जो कानापेक्षा तळपायाला आणि छातीला कळतो. मिक्सिंगमध्ये फिल्टर लावून तो कापता येतो. तरी एवढ्या उड्या मारून कुणाचा सूर टिकत नाही. मग निवड करावी लागते, आणि आजचा दिग्दर्शक बहुधा चेहरा निवडतो.

आता मला सगळ्यात जास्त छळणारी गोष्ट: बोलणं आणि गाणं यांमधला सांधा. पात्र स्वयंपाकघरात उभं आहे. संवाद लेपल किंवा बूमवर (काठीला लावून डोक्यावर धरलेल्या माइकवर) घेतलाय, त्यात भिंतींवरून आलेला आवाज आहे, कपड्यांची सळसळ आहे, फ्रिजची घरघर आहे. आणि गाण्याचा पहिला शब्द आला रे आला की हे सगळं गुल! आता महागडा स्टुडिओ माइक, ओठांपासून वीतभर अंतर, मागे मखमली रिव्हर्ब, म्हणजे वरून चढवलेला घुमारा. पात्र स्वयंपाकघरात बोलतं आणि स्टुडिओत गातं. प्रेक्षकाला हे नाव देऊन सांगता येत नाही. तो म्हणतो, 'मध्येच गायला लागले, विचित्र वाटलं.' गाणं मध्येच आल्याचं त्याला खरं तर काही नसतं. ती जागा त्याच्या कानासमोर बदलली, त्याने तो दचकला.

उपाय माहीत आहेत, फक्त त्यांना वेळ द्यावा लागतो. सेटवर जो लेपल आणि बूम असेल तोच स्टुडिओतही मुख्य माइकच्या जोडीला लावायचा. पहिली ओळ सेटवरची ठेवायची आणि दुसऱ्या ओळीच्या पोटात हळूच स्टुडिओचा आवाज मिसळायचा. गाण्याखाली पावलं, बांगड्या, कप ठेवल्याचा टक्क असा आवाज चालू ठेवायचा. खोलीचा रूम टोन, म्हणजे कुणी बोलत नसतानाही तिथे असतो तो बारीक आवाज, शेवटपर्यंत सोडायचा नाही. 'ला ला लँड'मध्ये (२०१६) बरीच गाणी आधी रेकॉर्ड केलेली आहेत, पण एमा स्टोनचं ऑडिशनचं गाणं सेटवर लाइव्ह घेतलंय. ती मावशीची गोष्ट सांगायला लागते. आवाज बोलण्याचाच, पट्टी बोलण्याचीच, आणि मग त्यात हळूहळू सूर भरतो. बोलणं कुठे संपलं आणि गाणं कुठे सुरू झालं, ते मला अजून बोट ठेवून दाखवता येणार नाही. दिग्दर्शक डेमियन शझेल आणि संगीतकार जस्टिन हर्विट्झ यांनी लाइव्हचा हट्ट जिथे हवा तिथेच धरला, हे मला फार शहाणपणाचं वाटतं.

सूर सरळ करण्याच्या सॉफ्टवेअरबद्दल एकच सांगते. ते सगळेच वापरतात, आम्हीही वापरतो, त्यात पाप नाही. पण एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना गळा जी घसरण घेतो तीसुद्धा इस्त्री करून टाकली की माणूस उरत नाही. 'द ग्रेटेस्ट शोमन' (२०१७) घ्या. एकोणिसाव्या शतकातलं न्यूयॉर्क, आणि प्रत्येक गाणं आजच्या रेडिओवरचं, आवाज दाबून-भरून जाडजूड केलेला, शेवटी सगळ्यांनी मिळून ओ-ओ. कोण गातंय ते डोळे मिटून ओळखता येत नाही, आणि म्युझिकलमध्ये ते ओळखता आलं पाहिजे, कारण गाणं हाच तिथे संवाद असतो. मात्र लोकांनी तो डोक्यावर घेतला हेही खरं. अमेरिकेत पहिल्या शनिवार-रविवारी नऊ कोटी सोडाच, नव्वद लाख डॉलरही जमले नव्हते, आणि अखेरीस जगभरात चाळीस कोटींच्या वर गेला, केवळ गाण्यांच्या जोरावर. ही ताकद नाकारण्यात अर्थ नाही. गाणी म्हणून मलाही त्यातली दोन-तीन गुणगुणावीशी वाटतात.

आता पाय. फ्रेड अस्टेअरचा आग्रह असायचा की नाचताना डोक्यापासून पायापर्यंत पूर्ण शरीर दिसलं पाहिजे आणि कट कमीत कमी हवेत. कारण साधं आहे: नाचातला दम आणि तोल हे सलग पाहिल्यावरच पटतात. 'मुलां रूज!' (२००१) आणि 'शिकागो'ने दर दोन ठोक्यांना कट मारायची चाल पाडली. 'शिकागो'मध्ये ती शोभते, एडिटिंगचं ऑस्करही मिळालं, आणि रॉब मार्शल मुळात नृत्यदिग्दर्शक असल्याने कुठे कापायचं ते त्याला कळतं. पुढे इतरांनी ती चाल उचलली ती नाच न येणारे स्टार झाकण्यासाठी. हात, खांदा, स्कर्टची गिरकी, चेहरा, पुन्हा हात. कढीतल्या गोळ्यांसारखे तुकडे वर येतात आणि बुडतात, नाच कुठेच दिसत नाही.

म्हणूनच स्पीलबर्गची 'वेस्ट साइड स्टोरी' (२०२१) मी येईल त्याला दाखवते. १९६१मध्ये 'अमेरिका' हे गाणं रात्री गच्चीवर होतं. स्पीलबर्गने ते भर दिवसा न्यूयॉर्कच्या रस्त्यावर आणलं. दुकानं, वाळत घातलेले कपडे, पोरंटोरं, आणि पिवळ्या झग्यातली एरियाना डिबोस. कॅमेरा नाचणाऱ्यांच्या पुढे मागे सरत जातो, मध्ये जागा सोडतो, आणि जस्टिन पेकने बसवलेली पावलं पूर्ण दिसतात. कट आहेत, पण हालचाल पूर्ण झाल्यावर. डिबोसला ॲनिटाच्या भूमिकेसाठी ऑस्कर मिळालं. १९६१च्या चित्रपटातल्या याच भूमिकेसाठी रिटा मोरेनोला मिळालं होतं. आणि एवढं करून चित्रपट तिकीटबारीवर पडला. त्याच वर्षीचा 'इन द हाइट्स'ही पडला, जरी पोहण्याच्या तलावातलं त्याचं मोठं गाणं बघण्यासारखं आहे. करोनाचं वर्ष होतं, दुसरा तर त्याच दिवशी एचबीओ मॅक्सवर घरबसल्या उपलब्ध होता. तरी त्यातून स्टुडिओंनी धडा घेतला तो भलताच: लोकांना गाणं नको आहे.

इथून तिसऱ्या दुखण्याकडे येते. गाण्याची लाज. 'शिकागो'ने गाण्यांसाठी सबब शोधली: ती बहुतेक नायिकेच्या डोक्यातल्या रंगमंचावर घडतात. तिथे ती चलाखी होती, आणि एक फायदाही झाला जो सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. नाटकात पद संपलं की टाळ्या पडतात, वन्समोअर होतो, नटाला श्वास मिळतो. सिनेमात शेवटच्या ठोक्यानंतर एक विचित्र पोकळी राहते आणि दिग्दर्शक घाबरून धाडकन पुढच्या सीनवर कापतो. 'शिकागो'त टाळ्या वाजवणारे प्रेक्षक पडद्यावरच बसवलेत. पोकळी भरली.

पण पुढे सबब हाच नियम झाला. 'वाँका' (२०२३), 'मीन गर्ल्स' (२०२४) यांच्या ट्रेलरमध्ये पात्रं गातात हे कळूच दिलं नाही. लोक थिएटरात जाऊन बसले आणि मग कळलं! स्वतःच्या मालाची एवढी शरम असेल तर तो विकायला बसता कशाला?

आपण हसू नये. हिंदीत गेल्या काही वर्षांत नायक-नायिका ओठ हलवून गायचे कमी झालेत, गाणं मागे वाजतं आणि पुढे ती दोघं बाइकवरून फिरतात. लाज तीच. 'जग्गा जासूस'ने (२०१७) नायकाला बोलताना अडखळायला लावून गाण्याला पक्कं कारण दिलं होतं. कल्पना फार सुंदर, चित्रपट चालला नाही. मराठीत 'कट्यार काळजात घुसली' (२०१५) चालला, कारण तिथे पात्रंच गवई आहेत आणि भांडण गायकीवरूनच आहे. शंकर महादेवन स्वतः गातो आणि दिसतो. सचिन पिळगावकरांमागे राहुल देशपांडे, सुबोध भावेमागे महेश काळे. उसना आवाज आहे हे सगळ्यांना माहीत, आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही.

'विकेड' (२०२४) या सगळ्याचं एकत्र उदाहरण आहे, म्हणून त्यावर थोडं जास्त. सिंथिया एरिव्हो आणि आरियाना ग्रांडे या दोघी खऱ्या गायिका, आणि त्यांनी बरंचसं सेटवर लाइव्ह गायलंय. साउंड रेकॉर्डिस्ट सायमन हेझ, तोच 'ले मिझेराब्ल'वाला. त्याचा फायदा ऐकू येतो. पण मूळ नाटकाचा नुसता पहिला अंक या चित्रपटात एकशे साठ मिनिटं चालतो! ताण कुठे पडतो ते शेवटच्या मोठ्या गाण्यात कळतं. रंगमंचावर ते एका दमात चढत जातं आणि पडदा पडतो. पडद्यावर मध्ये थांबायचं, पाठलाग, पडझड, मग पुढची ओळ, पुन्हा थांबायचं. गाण्याने जमवलेली वाफ दर वेळी सोडून दिली जाते. शेवटचा सूर एरिव्हो जबरदस्त लावते, तोवर आपला धीर मात्र तुकड्यातुकड्यांत खर्च झालेला असतो. रंगही फिके, जादूच्या देशात कायम ढगाळ दुपार असावी तसे.

याच चित्रपटात एक जागा अशी आहे की तिच्यासाठी मी बाकी सगळं माफ करते. नाचघरात सगळे एल्फबाला (म्हणजे एरिव्होला) हसतायत आणि ती एकटीच, जवळजवळ शांततेत, वेडीवाकडी नाचायला लागते. कपड्यांची सळसळ, पावलं, लोकांची कुजबुज. मग ग्लिंडा (ग्रांडे) पुढे येऊन तिच्या हालचाली तशाच करून बघते. चेहरा जवळून, डोळ्यांत पाणी, आणि शरीरही पूर्ण दिसतं. नाटकात शेवटच्या रांगेला ते डोळे दिसले नसते. सिनेमाने म्युझिकलला काय द्यावं याचं हे उत्तर आहे.

जवळून दिसण्याचा उलटा फटका 'डिअर इव्हान हॅन्सन'ला (२०२१) बसला. बेन प्लॅटने ब्रॉडवेवर ती भूमिका गाजवली होती. लांबून शाळकरी मुलगा दिसतो. कॅमेऱ्याने जवळ जाऊन पाहिलं तर पंचविशी ओलांडलेला माणूस. गळा तोच, काम तेच, पण पटेना. 'कॅट्स'बद्दल (२०१९) मी वेगळं लिहीत नाही. प्रदर्शित झाल्यावर मांजरांचे इफेक्ट्स सुधारून थिएटरांना नवी प्रत पाठवावी लागली, त्यातच सगळं आलं. तोही हूपरचाच, तोही लाइव्ह गायलेला. पद्धतीने चित्रपट वाचत नाही.

कुठून सुरुवात करू, असंही विचारलंय. 'वन्स' (२००७) आधी बघा. डब्लिनमधले दोन वादक, नगण्य बजेट, मोठा नाच नाही, रस्ता आणि वाद्यांचं दुकान. गाणारी माणसं खरोखर वाजवतायत, त्यामुळे सांध्याचा प्रश्नच येत नाही. मराठीत कमी पैशांत म्युझिकल करायची स्वप्नं बघणाऱ्यांनी तर तो पाठ करावा. मग दोन्ही 'वेस्ट साइड स्टोरी'तलं 'अमेरिका' लागोपाठ, आधी १९६१चं. 'विकेड' सवडीने, दोन बैठकींत. आणि टीव्हीवर 'क्लिअर व्हॉइस' किंवा तसलं काही चालू असेल तर बंद करा. ते संवाद वर काढण्याच्या नादात श्वास आणि खोलीचा आवाज खाऊन टाकतं. साधे वायरवाले इअरफोन असले तरी चालेल, फक्त मोबाइलच्या स्पीकरवर ऐकून मला शिव्या देऊ नका.